पाण्याचं विरजण

धारवाल्यांच्या खोकल्याबद्दल पहिली शिक्षा झाली ती मांजराला.

मांजर वहिनींचं होतं. वहिनी म्हणजे धारवाल्यांची बायको. गल्लीतले सगळे सुतार त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. एका संध्याकाळी धारवाले दुकानातून आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि खोकले. बराच वेळ खोकले. समोर शिवणयंत्राच्या झाकणावर मांजर झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. हा उद्धटपणा धारवाल्यांना सहन झाला नाही. "याचे केस माझ्या छातीत जातायत," असं त्यांनी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी मांजर टोपलीत बसून समोरच्या शिंपिणीकडे राहायला गेलं.

खोकला मात्र राहिला. मग खिडक्यांचे पडदे गेले. मग कापसाची उशी गेली, मग सतरंजी गेली. मग फोडणीवर बंदी आली आणि वहिनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून, चोरी केल्यासारख्या, भाज्या नुसत्या उकडू लागल्या. धारवाले त्या भाज्या तोंड वाकडं करून खात आणि जेवण झालं की खोकत. शेवटी घरात दोष देण्यासारखी एकही वस्तू उरली नाही. खापर फोडायला एकच डोकं शिल्लक राहिलं आणि ते वहिनींचं होतं.

हे धारवाले म्हणजे साधी असामी नव्हती, निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. लाकूडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं करवतींना धार लावायचं दुकान. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांना टांगलेली गोल करवतीची पाती, काही ताटाएवढी, काही परातीएवढी. प्रत्येकावर खडूनं त्या त्या सुताराची खूण. या पात्यांचे दात साध्या पोलादाचे नसतात. कार्बाईडचा छोटा, भयंकर कडक तुकडा एकेका दातावर डाग देऊन जोडलेला असतो. तो घासायला हिऱ्याच्या भुकटीचं चाक लागतं आणि चाक तापू नये म्हणून त्यावर सतत पाण्याची धार सोडावी लागते. हे पाणी खालच्या टाकीत पडतं, पंप ते परत वर ढकलतो, परत चाकावर, परत टाकीत. चाक गरगरत असतं, त्यामुळे यंत्राभोवती बारीक तुषारांचं धुकं कायम असे. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की गार वाटायचं, म्हणून सुतार मंडळी गप्पांना तिथेच जमत.

दुकानाच्या दारावर पाटी होती : 'येथे धूळ होत नाही.' सुतारांना डिवचायला त्यांनी ती मुद्दाम रंगवून घेतली होती. "तुम्ही लोक जन्मभर भुसा गिळता," ते म्हणत, "आमचं काम ओलं. आमच्या छातीत काय जायचंय?" आणि दोन्ही हात पसरून स्वच्छ खोली दाखवत. खोली खरंच स्वच्छ होती.

पण त्यांची खरी मिरास होती ते पाणी. यंत्र विकणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं की पाणी वरचेवर बदलत जा. धारवाल्यांनी ते एकदा बदललं. नेमकं त्याच दिवशी चाकही नवं बसवलं होतं, नव्या चाकाचा अंदाज यायला वेळ लागतो आणि त्या दिवसाची सगळी पाती बिघडली. चाकाला दोष द्यावा तर ते त्यांनी स्वतः निवडलेलं. हाताला दोष द्यावा हा तर विचारसुद्धा त्यांना शिवला नाही. राहता राहिलं पाणी. त्या दिवसापासून टाकी ओतणं बंद झालं. पाणी उडून कमी झालं की वरून भर घालायची, तळाचा गाळ खरवडून काढायचा, पण पाणी तेच. वर्षानुवर्षं तेच. "पाणी मुरावं लागतं," असं ते नाक वर करून सांगत, जसं काही ते लोणचंच होतं.

गंमत म्हणजे लोकांना ते पटलं. धारवाल्यांच्या हाताला धार होती यात शंका नाही, त्यांचं पातं लाकडात लोण्यात गेल्यासारखं जायचं. पण नुसत्या हाताचं कौतुक करण्यात लोकांना मजा वाटत नाही, काहीतरी गुपित लागतं. पाण्याचा बोलबाला झाला. जो कोणी धारवाल्यांकडे काम शिकून स्वतःचं दुकान काढी, त्याला ते निघताना डबाभर पाणी देत. "हे तुझ्या नव्या टाकीत घाल. दुधाला विरजण लावतो ना, तसं. आणि पुन्हा कधी ओतू नकोस." तो डबा दोन्ही हातांनी धरून, हिंदकळू न देता घेऊन जाई. असं करत करत शहरातल्या निम्म्या धार लावणाऱ्यांच्या टाक्यांत याच पाण्याची पिल्लावळ झाली होती.

त्या डब्यांतला सर्वांत मोठा डबा मिळाला होता बटणला. बटण हा वहिनींचा धाकटा भाऊ. लहानपणी त्यानं कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त शाळेला माहीत. आई लवकर गेली, त्यामुळे वहिनी लग्न करून आल्या त्या त्याला बोटाला धरूनच. धारवाल्यांनीही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, कधी कुरकुर केली नाही. पोराला यंत्रापाशी उभं केलं, शिकवलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान काढून दिलं. बटणच्या लेखी भावोजी म्हणजे देव आणि ते पाणी म्हणजे तीर्थ. वहिनींचा जीव मात्र नवऱ्यापेक्षा गुंजभर जास्तच त्या भावात अडकलेला होता, आणि हे त्या कुणापुढे कबूल करत नसत.

आता खोकल्याकडे वळू. या खोकल्याची एक खोड होती. दिवसभर दुकानात तो फारसा त्रास देत नसे. संध्याकाळी घरी येऊन तासभर झाला की छाती धरायची, अंगात कणकण यायची आणि उबळ थांबायची नाही. बहिणीकडे आठवडाभर राहायला गेले की गडी ठणठणीत. धारवाल्यांनी यावर एखाद्या न्यायाधीशासारखा विचार केला. दुकानात बरं वाटतं, म्हणजे दुकान निर्दोष. बहिणीकडे बरं वाटतं, म्हणजे बहीण निर्दोष. घरी त्रास होतो. संपला खटला.

"दादाला माझ्या हातचं मानवतं हो," नणंद फोनवर म्हणाली.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "मग ठेवूनच घ्या कायमचं." आणि फोन जरा जोरात आपटला. त्यांना रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता, कारण भिंती पुसायच्या होत्या. भिंतींवर बुरशी असेल असा ताजा संशय होता.

मध्ये कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी छातीला नळी लावली न लावली आणि निदान करून टाकलं. "प्रतिकारशक्ती कमी झालीय. हल्ली सगळ्यांचंच तसं आहे. अंगात धातू कमी पडतात, दुसरं काय! जस्त, तांबं, लोह." आणि त्यांनी एक तपकिरी बाटली लिहून दिली. बाटलीवर धातूंची नावं अशी ओळीनं छापली होती की भंगारवाल्यानं वजनकाटा घेऊन यावं. वहिनी रोज सकाळ-संध्याकाळ दोन दोन चमचे भरवत. धारवाल्यांच्या अंगात आणखी धातू घालायची ही कल्पना किती विनोदी होती, हे कळायला अजून अवकाश होता.

टॉनिकानंही गुण येईना, तेव्हा धारवाल्यांनी अखेरचा उपाय केला. त्यांनी घर सोडलं. म्हणजे वळकटी उचलली आणि दुकानात, यंत्राच्या शेजारी, टाकीला टेकून खाट टाकली. "थोडे दिवस हवापालट करतो," ते सुतारांना म्हणाले. वहिनींनी दोन्ही वेळचा डबा पोहोचवायचा, पण उंबऱ्याबाहेरूनच द्यायचा, कारण त्यांच्या कपड्यांना घर लागलेलं असतं. सगळ्या गल्लीदेखत नवऱ्याला बाहेरून डबा देणं ही काय चीज आहे, ते ज्या बाईनं केलंय तिलाच विचारावं. वहिनींनी एकही डबा चुकवला नाही.

तब्येत झपाट्यानं उतरली. रात्रंदिवस तीच हवा मिळाल्यावर ती उतरणारच होती. बोटांची टोकं फुगून गोल झाली. दोन वाक्यं बोलायची तर मध्ये थांबावं लागे. "एवढ्या वर्षांचं घर आहे," ते म्हणत, "अंगातून निघायला वेळ लागणारच." एका दुपारी ते पातं खिळ्याला लावायला उठले आणि तिथेच कोसळले. सुतारांनी त्यांना प्लायवूडच्या हातगाडीवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या छातीच्या डॉक्टरीणबाई वयानं वहिनींच्या अर्ध्या होत्या आणि हसणं त्यांना परवडत नसावं. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"पात्यांना धार लावतो."

"धूळ असेल खूप."

"आमच्याकडे धूळ होत नाही," धारवाले नळीतून प्राणवायू घेत म्हणाले. पाटी जवळ नव्हती, नाहीतर दाखवली असती.

बाईंनी मान डोलावली आणि तपासण्या लावल्या. एक बारीक नळी श्वासनलिकेतून आत घालून, थोडं पाणी सोडून ते परत ओढून घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी दोघांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर फुगलेले, वेडेवाकडे गोळे होते आणि त्यांच्या पोटात लहान गोळे.

"फुफ्फुसात आपल्या पेशींचा पहारा असतो," बाई म्हणाल्या. "जंतू आला, कचरा आला, की तो खाऊन टाकायचा हे त्यांचं काम. त्या कामाला त्यांना जस्त, तांबं, लोह असे धातू लागतात, पण अगदी कणभर. कोबाल्ट तर त्याहून कमी, एका जीवनसत्त्वात असतो तेवढाच. जास्त झाला की काहींच्या छातीत पहारेकऱ्यांचंच डोकं फिरतं. मग ते एकमेकांना खायला लागतात. हे जे दिसतंय ना, ते तेच आहे. आणि मग आजूबाजूचं फुफ्फुस वाळून कडक होत जातं."

"पण माझ्या छातीत कोबाल्ट कुठून आला?"

"कार्बाईडचे दाणे कोबाल्टनं सांधलेले असतात. तुम्ही ते घासता. पाणी किती दिवसांनी बदलता?"

"बदलत नाही," धारवाले म्हणाले, आणि त्या तशा अवस्थेतही त्यांची मान ताठ झाली. "आमचं पाणी मुरलेलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं : टाकी, पंप, भर घालणं, चाकाभोवतीचं धुकं. मग सावकाश सांगितलं. कोबाल्ट पाण्यात विरघळतो. पाणी जितकं जुनं तितका जास्त. चाक तेच पाणी तुषार करून उडवतं आणि माणूस ते श्वासातून घेतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून दुकानात बरं वाटतं आणि घरी गेल्यावर नाही. धूळ दिसत नाही एवढंच, बाकी सगळं छातीत जातं.

"म्हणजे घराचा काही संबंध नाही?" वहिनींनी विचारलं. त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून, मोठ्यानं ऐकायचं होतं.

"घराचा काय संबंध?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. धारवाले पडद्याकडे बघत होते, जणू त्या गोळ्यांपैकी एखादा ओळखीचा होता.

बाईंनी पुढचंही लपवलं नाही. वाळलेलं फुफ्फुस परत येत नाही, उरलंय ते सांभाळायचं. घरी प्राणवायूचं यंत्र ठेवायचं. त्या टाकीपाशी पुन्हा जायचं नाही. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्याच पाण्यावर आणखी कुणी काम करतं का? सगळ्यांना होत नाही हे. पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. ज्याला आत्ता कळेल तो वाचेल. जुनं पाणी पिंपात भरून आम्हाला कळवायचं, नवं दर आठवड्याला बदलायचं, यंत्राच्या तोंडाशी हवा ओढणारा पंखा, चांगला मास्क आणि छातीचा फोटो. एवढं केलं तरी पुष्कळ."

"बटण," वहिनी म्हणाल्या.

धारवाले घरी आले. घरी, म्हणजे ज्या घराला त्यांनी इतकी वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं त्याच घरी. माफी वगैरे मागायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मांजर आणायचं तर आण परत." वहिनी शिंपिणीकडे गेल्या. मांजर तिथे दुप्पट जाड झालं होतं. त्यानं वहिनींकडे बघून जांभई दिली. वहिनी हात हलवत परत आल्या.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बटणला फोन करा."

"करतो."

त्यांनी केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी फोन उशाशी ठेवत आणि धारवाले भिंतीकडे तोंड करून झोपत. शेवटी वहिनींच्या रागाचा पारा चढला तेव्हा ते बोलले. "काय सांगू त्याला? मी सगळ्या शहरात विष वाटत फिरलो असं सांगू? लोक माझं नाव कशावरून घेतात? पाण्यावरून. उद्या ते काय म्हणतील? तूच जाऊन सांग."

वहिनी गेल्या. संध्याकाळची वेळ होती, बटण नुकताच दुकानातून येऊन बसला होता. दारातूनच खोकला त्यांच्या कानावर आला. ओळखीचा खोकला होता तो, नव्या नवरीसारखा अजून लाजरा, पण त्याच घराण्यातला. आत भावजय डोक्याला घट्ट फडकं बांधून वावरत होती.

"हे काय गं?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या केसांच्या तेलानं यांना त्रास होतो," भावजय हळूच म्हणाली. "मी आता बाहेरच्या खोलीत झोपते."

वहिनींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी बटणला समोर बसवून सगळं सांगितलं, कोबाल्ट, धुकं, एकमेकांना खाणारे पहारेकरी. बटणनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "ताई, भावोजींनी तुला किती बोल लावले ते मी बघितलंय. त्यांचं चुकलंच. पण त्याचा राग तू पाण्यावर का काढतेस? त्या पाण्यावर माझं दुकान चाललंय. भावोजींनी स्वतः सांगू दे, आत्ता टाकी रिकामी करतो." आणि वर म्हणाला, "रविवारी येतोच मी. दुसरं यंत्र घेतलंय, त्याला विरजण न्यायचंय."

बायकोचं न ऐकणं ही कला धारवाल्यांनी पोराला पाण्याबरोबरच शिकवली होती, फक्त त्यात बहिणीचीही सोय होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनी परतताना रस्ताभर स्वतःशीच बोलत होत्या. एकाला तर आता कुणी वाचवू शकत नव्हतं, दुसराही डोळ्यांदेखत जाणार होता, आणि का, तर एका माणसाला तोंडातून एक वाक्य काढायची लाज वाटते म्हणून.

रविवारी संध्याकाळी बटण आला, हातात रिकामा डबा. धारवाले उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. दुकानाला कुलूप होतं, टाकीत पाणी तसंच होतं आणि किल्ली वहिनींनी कमरेला खोचली होती. ती काही झालं तरी द्यायची नाही हे त्यांचं ठरलं होतं. पण किल्ली नाही दिली म्हणून बटणच्या टाकीतलं पाणी थोडंच जाणार होतं.

"बसतो नंतर," बटण म्हणाला. "आधी किल्ली द्या भावोजी. डबाभरच घेतो." एवढं बोलून तो खोकला. तोंडावर मूठ धरून, वडीलधाऱ्यांसमोर खोकावं तसा बेतानं खोकला, पण उबळ लांबली.

धारवाले ऐकत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. वहिनींनी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, अगदी त्या पडद्यासमोरसुद्धा नाही.

"तुला पाणी मिळणार नाही," धारवाले म्हणाले.

"का?"

"तुझी लायकी नाही."

बटणला वाटलं भावोजी थट्टा करतायत. तो हसला. धारवाले हसले नाहीत.

"मुरलेलं पाणी सांभाळायला हात लागतो. तुझा हात दगड फोडायचा. दिलं होतं तेही नासवून ठेवलंस." इथे त्यांना थांबून दम घ्यावा लागला. "ओतून टाक ते. पिंपात भर आणि दवाखान्यात कळव, ते नेतील. तुझ्यासारख्यानं नळाचं साधं पाणी वापरावं आणि दर सोमवारी बदलावं. कच्चे लोक तसंच करतात."

"भावोजी..."

"आणि दुकानात वास मारतो तुझ्या. यंत्राच्या तोंडाशी हवा ओढणारा पंखा बसव, सगळं बाहेर जाऊ दे. काम करताना तोंडाला मास्क लाव. चांगल्यातला लाव, फडकं नको. गिऱ्हाइकाला तुझं थोबाड तरी दिसणार नाही." पुन्हा दम. "आणि छातीचा फोटो काढून घे. आत काही आहे की नुसतंच पोकळ, ते मला बघायचंय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकूण एक त्यात आलं होतं, पाणी, पंखा, मास्क, फोटो. फक्त त्याला शिव्यांची पुस्ती जोडलेली होती.

बटणचे डोळे भरले. "इतकी वर्षं तुम्हाला बापाच्या जागी मानलं," तो म्हणाला आणि डबा तिथेच टाकून निघून गेला.

"अहो, सरळ सांगता आलं नसतं?" वहिनींनी विचारलं.

"सरळ सांगितलं असतं तर समजूत घालत बसला असता माझी. म्हणाला असता, भावोजी, आजारानं तुमचं मन खचलंय." धारवाल्यांनी डोळे मिटले. "संतापलेला माणूस लगेच ओततो."

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे त्यांची शान होती, जी छातीपेक्षा मजबूत निघाली. पण दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. "काल आल्यापासून काय संचारलंय यांच्या अंगात! टाकी उपसली, घासली, पंखेवाल्याला बोलावलं. सारखं म्हणतायत, माझी लायकी काढतात काय!" वहिनी फोन ठेवून जमिनीवरच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या.

धारवाले म्हणाले, "फोन इकडे दे. बाकीचे राहिलेत."

मग रोज दुपारी थोडे थोडे फोन होऊ लागले. ज्यांना ज्यांना विरजण गेलं होतं त्यांना सगळ्यांना त्यांनी गाठलं. एकाला सांगितलं की तू माझं नाव धुळीला मिळवलंस. एकाला सांगितलं की तुझ्या धारेनं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. प्रत्येकाला अखेर तेच, पाणी टाक, पंखा लाव, मास्क लाव, फोटो काढ. बोलताना दम लागला की ते थांबत. समोरच्याला वाटे, तिरस्कारानं गप्प बसलेत. एवढी शांतता ऐकून घेण्यापेक्षा लोक फोन ठेवत आणि तणतणत टाकीकडे जात. शहाण्या माणसानं एका वाक्यात जे काम केलं असतं, ते धारवाल्यांनी सगळ्या जगाशी वैर घेऊन केलं. दवाखान्यानं पाठवलेली माणसं त्यांच्या स्वतःच्या टाकीतलं पाणी हातमोजे घालून घेऊन गेली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गल्लीत व्हायचं ते झालं. धारवाल्यांचं डोकं फिरलं, म्हातारा मनानं कोता निघाला, पाणी स्वतःबरोबर न्यायला निघालाय, असं लोक बोलू लागले. चौकशीला कुणी येईना. ज्यांना फोन गेले होते ते सगळे धडधाकट होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही या घराची पायरी चढावीशी वाटत नव्हती. संध्याकाळ झाली की धारवाले दाराकडे बघत राहत. कुणी विचारलं तर म्हणत, "वारा येतोय का बघतो."

एक दिवस वहिनींच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. त्यांनी बटणला निरोप धाडला, आजच्या आज ये नाहीतर बहीण मेली समज. बटण आला. दारातच उभा राहिला, घुश्शात.

"आत ये."

"आत कशाला? लायकी नाही माझी."

"मी तुला त्या दिवशी सांगितलं होतं ते सगळं खरं होतं," वहिनी म्हणाल्या. मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, आतल्या खोलीत जावं म्हणून. "त्यांना माहीत होतं. तुला घालवायचं नव्हतं त्यांना, वाचवायचं होतं. आणि आपल्या हातून काय झालं ते तोंडानं सांगायची लाज वाटत होती. म्हणून तुला शिव्या दिल्या. सगळ्यांनाच दिल्या. तुम्ही सगळे त्या शिव्यांवर जगताय."

आतून घरघरीवर मात करत आवाज आला, "काही ऐकू नकोस तिचं! तिला... फोडणीशिवाय... काही कळत नाही!"

"गप्प बसा हो!" वहिनी आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या. "तुम्ही तोंडानं कबूल करणार नाही, तर मी करते तुमच्या वतीनं."

बटण चपला काढून आत गेला. वहिनी दाराशी थांबल्या.

धारवाले केवढेसे झाले होते. बटणकडे त्यांनी बघितलंच नाही. "पंखा लावलास?" त्यांनी छताला विचारलं.

"लावला."

"पाणी?"

"दर सोमवारी बदलतो."

"फोटो?"

"काढला. थोडा डाग आहे. दुसऱ्यांदा काढला, वाढत नाहीये म्हणाल्या डॉक्टर."

यंत्र घरघरत राहिलं. मग धारवाले म्हणाले, "खोकून दाखव."

"आत्ता?"

"संध्याकाळ झालीय ना? खोक."

बटणनं मूठ तोंडाशी धरली आणि प्रयत्न केला. नुसताच आवाज निघाला, शाळा बुडवणाऱ्या पोराचा निघतो तसा. धारवाल्यांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

"खोटा आहे," ते म्हणाले, आणि बटणचा हात धरला तो कितीतरी वेळ सोडला नाही.